सरकत्या जमिनीवरच्या बाई

कुणाच्याही घरी गेल्या की बाई आधी कपाटाकडे बघायच्या. घरातली माणसं "या, बसा" म्हणत असायची, कुणी पाणी घेऊन येत असायचं, आणि बाई मात्र लोखंडी कपाटाला तळहाताने हलकेच ढकलून बघत असायच्या. कपाट डुललं की म्हणायच्या, "हे भिंतीला बांधून घ्या." मग माळ्यावरची पितळी पातेली, फडताळातल्या काचेच्या बरण्या, पलंगाच्या डोक्याशी टांगलेली आजोबांची तसबीर, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरायची. तसबिरीखाली कुणी झोपतं असं कळलं तर त्यांना चहा गोड लागायचा नाही.

मी नाशिक रोडच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा बाई तिथे भूगोल शिकवत होत्या. जेलरोडला मी भाड्याची खोली घेतली होती. ती बघायला म्हणून त्या आल्या आणि दारातच थबकल्या. माझ्या कॉटच्या वर पुस्तकांची फळी होती.

"पुस्तकांखाली झोपतेस?"

"जागा नाही हो बाई दुसरीकडे."

"मराठीच्या बाईला पुस्तकांखाली मरण येणं शोभून दिसेल गं. पण एवढी घाई काय आहे?"

आणि पदर खोचून त्यांनी माझ्याबरोबर कॉट ओढली. खिडकीखाली नाही, काच आहे म्हणून. भिंतीच्या मधोमध, जिथे वर काहीच नव्हतं तिथे. पुढे कितीतरी वर्षं मी तशीच रिकाम्या भिंतीखाली झोपले. सवय अशी लागली की लग्नानंतर सासरी पहिल्या दिवशी मी आधी छताकडे बघितलं.

मुलं त्यांना 'भूकंपबाई' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. शाळेतल्या कुणाचं लग्न असलं की बाकीचे लोक लेमन सेट किंवा भिंतीवरचं घड्याळ द्यायचे. बाई लोखंडी कोन, स्क्रू आणि एक छोटा पेचकस रंगीत कागदात गुंडाळून द्यायच्या. नवरानवरी स्टेजवर ते पाकीट हातात घेऊन वजनाने चकित व्हायची. सायन्सचे एक सर म्हणायचे, "बाई, या बेसाल्टवर काही होत नाही हो. पक्का दगड आहे." बाई म्हणायच्या, "दगड पक्काच आहे सर. मी दगडाबद्दल कुठे बोलतेय? मी तुमच्या शोकेसबद्दल बोलतेय."

उंच, हडकुळ्या, केस कायम अर्धे सुटलेले. चालताना नजर जमिनीकडे असायची, पण काही हरवल्यासारखी नाही. घरातल्या झोपलेल्या माणसाकडे येता-जाता बघावं तशी. एकट्या राहायच्या. रविवारी कुणी बरोबर येवो न येवो, बस पकडून कुठल्यातरी डोंगराला जायच्या. मी बरोबर जायला लागले ती कुतूहलाने, आणि नंतर मला त्याची एक प्रकारची गुंगीच चढली.

पांडवलेण्यांच्या मागच्या बाजूला तेव्हा एक बंद पडलेली खाण होती. हिवाळ्यातल्या दुपारी तिथे ऊन साठून राहायचं. फोडलेल्या काळ्या कपारींमध्ये पांढरे, हिरवट स्फटिक लुकलुकायचे. बाई पिशवीतून चादर काढायच्या, अंथरायच्या, आणि मग त्या चादरीवर न बसता बाजूच्या उघड्या खडकावर पालथ्या पडून त्याला कान लावायच्या.

"काय ऐकू येतं बाई?"

"काही नाही."

"मग?"

"ऐकू काही येत नाही म्हणून विचारपूस सोडायची का?"

मीही कधी कधी तशी पडून राहायचे. गालाला खडकाची ऊब लागायची, डोळे मिटायचे, आणि बाई बोलत राहायच्या. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमीन उभी फाटली होती. आपण चित्रात बघतो तसा टोकदार पर्वत नाही, लांबच लांब भेगा. आणि त्यांतून खिरीसारखा दगड उतू आला. आला, पसरला, थिजला. पुन्हा आला. समोरचे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात ना, ती एकेक पायरी म्हणजे एकेक उतू जाणं.

एकदा त्यांनी मला हाताला धरून एका कड्याशी नेलं. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाची एक पट्टी होती, वीतभर रुंद. बाईंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ही माती आहे. खालचा थर थंड झाला, त्यावर पाऊस पडला, दगडाची माती झाली. झाडं आली असतील. कुणी प्राणी चरले असतील. सगळं शांत. आणि मग वरून हा दुसरा थर आला आणि ही माती भाजून लाल झाली."

"मधे किती वर्षं गेली असतील?"

"हजारो. इतकी की त्या झाडांना वाटलं असेल, हे असंच असतं."

मी त्या पट्टीला हात लावला. ती खडकापेक्षा मऊ होती, बोटाला रंग लागला. खाली महामार्गावरून ट्रक जात होते, आवाज न करता, स्वप्नात जातात तसे.

"मग आता खाली आग नाही?" मी विचारलं.

"चूल तिथेच आहे, आपण पुढे आलो. अख्खा देश सरकतोय उत्तरेला. नखं वाढतात ना, साधारण त्या चालीने. चूल मागे राहिली, लांब दक्षिणेला, समुद्रातल्या एका बेटाखाली. ते बेट अजून धुमसतं." त्यांनी बोटाची लाल माती पदराला पुसली. "आपण मात्र सरकतोच आहोत. म्हणून तिकडे हिमालय वर चढतो, आणि म्हणून मधूनच इकडे कुठेतरी जुनी भेग कण्हते. आग गेली, पण हालचाल गेली नाही."

त्या संध्याकाळी शहर बसमधून परत येताना दांड्याला धरून उभी असताना मला खरोखर वाटलं की बसच्या खालून, डांबराच्या खालून, काहीतरी फार मोठं आणि फार सावकाश आम्हां सगळ्यांना घेऊन चाललंय.

किल्लारीला भूकंप झाला त्या वर्षी शिक्षकखोलीत बाईंचा भाव एकदम वाढला. जो तो येऊन विचारायचा, "बाई, नाशिकला होईल का?"

"मला माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही. कधी होईल हे सांगता येत नाही. कुठलं घर पडेल हे मात्र आज सांगता येतं. चला, दाखवते."

कुणी गेलं नाही. लोकांना तारीख हवी होती. तारीख सांगणारे दुसरे बरेच होते. बाई त्या आठवड्यात वर्गात नुसत्या नकाशासमोर उभ्या राहायच्या, अशी मुलं सांगत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी आमच्या शाळेतले शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, दिवाळीच्या सुट्टीनंतर गावाहून परत आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. त्यांचं गाव कळवणच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात. घंटा द्यायची विसरले म्हणून मुख्याध्यापक ओरडले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाईंनी त्यांना व्हरांड्यात बसवलं. "काय झालं मामा?"

"जमीन गुरगुरती बाई. आधी लोड भरलेला ट्रक यावा तसा आवाज येतो, मंग भांडी वाजता. लोकं म्हणता, डोंगर फुटणार हाय. ज्वालामुखी. लोकं शेळ्या फुकापासरी विकून सुरगाण्याकडं नातलगांत चालले. माझी बहीण तिथंच हाय. तिच्या सुनेला मूल झालं अन् हे असं."

"सरकारी माणसं आली होती?"

"आली ना. म्हणाले, घाबरायचं काय कारण नाय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "येत्या शनिवारी आपण जाऊ," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून विचारलंही नाही. मी जाणार हे त्यांनी धरलेलंच होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. कळवणपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये सगळे त्याच विषयावर बोलत होते. डोंगराच्या एका घळीतून वाफ निघताना कुणीतरी बघितली होती. बघणारा माणूस कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. ऊन उतरणीला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला कांद्याची रोपं, पलीकडे त्याच त्या पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, निळसर, अर्धवट झोपेत असल्यासारखे. इतक्या शांत जागेला लोक भितात याचं मला नवल वाटलं.

गावात बरीचशी घरं कुडाची होती. कारवीच्या काड्या, त्यांवर शेणमातीचा लेप, वर कौलं. सगळी रिकामी. गाव गेलं कुठे? मामा म्हणाले, "शाळंत." शाळा गावातली एकमेव दगडी इमारत. जुनी, जाड भिंतींची. भीतीने सगळ्यांनी तिथे आसरा घेतला होता. आत अंथरुणं, गाठोडी, कोंबड्या झाकलेल्या पाट्या. छपराखालच्या त्रिकोणी भिंतीला लागून तुळईला एक झोळी टांगलेली होती, आणि मामांची बहीण तिला झोका देत होती. सुरकुतलेली, ठेंगणी, कपाळावर गोंदण असलेली बाई. सगळे तिला आजी म्हणत होते.

आमच्या बाई झोळीकडे बघत नव्हत्या. त्या वर बघत होत्या. त्रिकोणी भिंत कोपऱ्यापासून सुटली होती. फटीतून आभाळाचा एक पातळ निळा काप दिसत होता.

"सरपंच कोण?"

पांढऱ्या टोपीतला एक दांडगा माणूस पुढे आला.

"सगळ्यांना बाहेर काढा," बाई म्हणाल्या. "आत्ता. आपापल्या घरी जाऊ द्या, नाहीतर शेतात."

"बाई, घरं कुडाची हायत आमची. ही पक्की हाय. दगडाची."

"म्हणूनच म्हणतेय."

"मंग डोंगर फुटणार हाय का नाय, ते सांगा आधी."

"डोंगर फुटणार नाही. फुटायला खाली चूल पेटलेली लागते. ती आपल्या खाली राहिलेली नाही."

लोकांमध्ये सुटकेची कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "मंग काय भ्या नाय."

"आहे ना," बाई म्हणाल्या. "भिंतीचं आहे. जमीन हलतेय, अजून हलेल, किती ते मला सांगता येणार नाही. ही भिंत मात्र पडेल."

सरपंच वैतागले. त्यांचंही बरोबर होतं. एक जण येऊन म्हणतो सगळं जळणार, दुसरा म्हणतो काहीच होणार नाही, आणि ही तिसरी म्हणते ना धड हे ना धड ते. "बाई, एक काय ते बोला. ऱ्हायचं का जायचं?"

बाई उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या आणि तो आवाज आला.

मी तो आधी पायांनी ऐकला. कुठूनतरी लांबून, खालून, जड काहीतरी आमच्याकडे येत होतं. मग जमिनीने एक झटका दिला. पत्र्याच्या पेट्या वाजल्या. झोळी आपली आपण हलायला लागली. भिंतीच्या फटीतून वाळकी माती पिठासारखी भुरभुर खाली पडली, आणि मागोमाग नारळाएवढा एक दगड सुटून अंथरुणावर येऊन आदळला. लोक किंचाळत दाराकडे धावले.

बाई हलल्या नाहीत. सगळ्यांना बाहेर काढा म्हणणाऱ्या बाई त्या भिंतीखाली दोन्ही हात छातीशी धरून उभ्या होत्या, डोळे उघडे, पण समोरचं काही बघत नसलेले. मी हाका मारत होते. आजीने एका हाताने बाळाला झोळीतून उचललं आणि दुसऱ्या हाताने बाईंचं मनगट पकडलं. "चल माय," म्हणाली, आणि ओढत बाहेर घेऊन आली. एवढ्या उंच बाई त्या ठेंगण्या म्हातारीमागून लहान मुलीसारख्या चालत आल्या.

बाहेर सगळं पुन्हा शांत झालं होतं. इतकं शांत की झाडावरचा भोरड्यांचा थवा परत येऊन बसला. आजीने बाईंना आपल्या झोपडीच्या अंगणात बसवलं, पाणी दिलं.

"तुजं कोण गेलं गं?" आजीने विचारलं. भूकंपात कुणीतरी गेलेलं असणार, हे ती धरूनच चालली होती.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या.

पाणी पिऊन झाल्यावर त्या बोलल्या. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडले होते, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचे वडील कोयनेच्या बाजूला धरणाच्या कामावर होते. राहायला पत्र्याची खोली. शेजारी मुकादमाचं नवं दगडी घर. त्या मुकादमाची मुलगी बाईंच्या वर्गात होती.

"मला त्या घराचा इतका हेवा वाटायचा. उन्हाळ्यात आमचा पत्रा तापायचा, तिच्याकडे कसं गार असायचं. आईशी भांडायचे, आपलं असं घर का नाही म्हणून. पहाटे जमीन हलली. आमचा पत्रा नुसता खडखडला. मी उठून बाहेर आले तर शेजारचं घर नव्हतं. दोन्ही घरं एकाच जमिनीवर होती आजी. जमिनीने आमच्यात काही फरक केला नव्हता."

आजी नातवाला मांडीवर घेऊन थोपटत राहिली. मग स्वतःच्या झोपडीकडे वळून तिने कुडाच्या भिंतीला हात लावून ती हलवून बघितली. भिंत थोडी झुकली आणि परत जागेवर आली.

"हे चांगलं म्हनायचं मंग?"

"गावातलं सगळ्यात चांगलं. वरची कौलं तेवढी घट्ट बसवून घ्या."

म्हातारी हसली. तिचा मुलगा दगडी घर बांधायचं म्हणत होता आणि गेलं वर्षभर ती या झोपडीची लाज बाळगून होती, असं मामांनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवशी शाळेत परत कुणी गेलं नाही. घरोघरी चुली पेटल्या. रविवारी सकाळी सरपंच स्वतःच बाईंकडे आले, टोपी हातात.

"बाई, सोमवारी पोरं येतील. त्यांना बसवायचं कुठं?"

"झाडाखाली. आणि ती भिंत उतरवून घ्या."

"सरकारी भिंत हाय. मी पाडली तर माझ्यावर येईल."

"मी पाडायला लावली म्हणून सांगा."

"तुमच्यावर आलं तर?"

"माझ्यावर आलेलं मला झेलता येईल. मी मोठी आहे. पोरांच्या डोक्यावर यायला नको."

मग माणसं पहारी घेऊन वर चढली. मला वाटलं होतं दिवस जाईल. पण पहिल्याच ढोसणीत वरचे दगड सुटे झाले. त्यांच्यामध्ये चुना नव्हता, सिमेंट नव्हतं, नुसती वाळलेली माती होती. लोक एकेक दगड हातोहात खाली देत होते. ज्या भिंतीच्या भरवशावर ते पोराबाळांसह झोपले होते ती त्यांच्या हातात अशी सुटी होऊन येत होती. बाई साडीचा काष्टा मारून ओळीत उभ्या होत्या. कुणी "आता पटलं का" असं म्हणेल, अशी जागा होती. त्या म्हणाल्या, "तो मोठा दोघांनी धरा."

प्रकरण व्हायचं ते झालंच. कुठल्याशा कार्यालयातून आमच्या शाळेला विचारणा आली. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं तेव्हा मी बाहेर उभी होते.

"तुम्ही शासकीय इमारत पाडलीत?"

"अर्धीच सर."

"बाई, हा विनोद नाही. कुणाच्या परवानगीने?"

"परवानगी मागितली असती तर मिळाली असती का?"

"नसती."

"मग तुम्हाला उगाच नाही म्हणायला लागलं असतं."

त्या वर्षी त्या पर्यवेक्षिका व्हायच्या होत्या. ते पद त्यांच्या मागून आलेल्या एका सरांना मिळालं. आम्हां सगळ्यांना वाईट वाटलं. कुणी म्हणालं, निदान एखादा मोठा धक्का येऊन गेला असता तर लोकांना कळलं असतं बाईंनी काय केलं ते. बाई एकदम कडाडल्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "असं बोलू नका," म्हणाल्या. "न पडलेली भिंत दाखवता येत नाही, एवढंच. त्यासाठी ती पडायला हवी होती का?"

गावचे धक्के हळूहळू विरळ झाले, मग थांबले. मोठा आलाच नाही. शाळेवर हलका पत्रा चढला, विटांच्या बसक्या भिंती आल्या, कोपऱ्यांत लोखंड घातलं गेलं. ते कुणी मंजूर केलं, कसं केलं, आम्हाला कळलं नाही. भूजचा भूकंप झाला तेव्हा शिक्षकखोलीत पुन्हा सगळ्यांनी बाईंना गराडा घातला, पुन्हा तारीख विचारली, आणि बाईंनी पुन्हा सगळ्यांना आपापली घरं दाखवायला बोलावलं. या वेळी दोघं-तिघं गेले.

नंतर बऱ्याच वर्षांनी, मामा निवृत्त होऊन गावी राहायला गेल्यावर, त्यांनी नातीच्या साखरपुड्याला आम्हाला बोलावलं. बाईंचे गुडघे दुखायला लागले होते, तरी आल्या. आजी गेली होती. तिची झोपडी अजून होती, नवा लेप दिलेली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी सावकाश चालत शाळेकडे गेलो. दुपारची सुस्त वेळ, डोंगरांवर धुरकट ऊन, शेतात पाण्याच्या मोटारीची एकसुरी घरघर. बाई शाळेच्या भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, पायांना आराम म्हणून.

मैदानात पोरं खेळत होती. एक मुलगी पत्र्याचा डबा वाजवायची. डबा वाजला की सगळी पोरं असतील तिथून धूम मोकळ्या जागेत पळायची आणि उकिडवी बसून दोन्ही हातांनी डोकं झाकायची. जो शेवटी पोचेल तो बाद. हसून हसून त्यांचे हाल होत होते.

"हा कुठला खेळ रे?" मी एकाला विचारलं.

"गुरगुर."

"कुणी शिकवला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "शिकवायचा काय? खेळता सगळे."

मी बाईंकडे बघितलं. हा खेळ त्यांनी शिकवला नव्हता, त्या नुसत्या बघत होत्या. एवढ्यात डबा वाजला. पोरं पळाली. डबेवाल्या मुलीचं लक्ष बाईंकडे गेलं, आणि ती डबा टाकून कमरेवर हात ठेवून पुढे आली.

"ए आजी! भिंतीला चिकटून काय उभी ऱ्हायली? इकडं ये, मोकळ्यात."

"मी पण?" बाई म्हणाल्या.

"मंग! चल लवकर."

तिने बाईंचा हात धरला आणि ओढत मैदानाच्या मधोमध नेलं. बाई गुडघ्यांवर हात ठेवून कशाबशा खाली बसल्या. मुलीने त्यांच्याकडे निरखून बघितलं, त्यांचे दोन्ही हात उचलून त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवले, आणि बोटं नीट जुळवून दिली.

"अस्सं," ती म्हणाली. "आता हलू नको."

बाई हलल्या नाहीत.